पुढून सोडणाऱ्या, मागून घेणाऱ्या

सरपटी बॉल अडवायला तीन गोष्टी लागतात, असं काकू एकोणीस वर्षं सांगत आल्या होत्या: डोळे, गुडघे आणि लाज. डोळे बॉलवर, गुडघे वाकलेले, आणि बॉल पायांतून मागे गेला तर निदान लाज तरी वाटली पाहिजे. कारण सॉफ्टबॉलमध्ये आतल्या पोरींच्या हातून बॉल निसटला तर त्यांच्यामागे आउटफिल्डच्या तिघी उभ्या असतात. त्या तिघींच्या मागे कोण? कुंपण. आणि कुंपणानं बॉल उचलून परत फेकल्याचं अजून तरी कुणी पाहिलेलं नाही.

या काकू म्हणजे लाँड्रीतल्या. कोपऱ्यावरची इस्त्रीची टपरी नव्हे हो. तीन इस्पितळांच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट धुणारी मोठी लाँड्री. काकू तिथल्या इस्त्री विभागाच्या मुख्य. वय अठ्ठावन्न, उजवा गुडघा कुरकुरणारा, आणि आवाज असा की चार मशिनं धडधडत असताना गेटवरच्या वॉचमनला काही सांगायचं असेल तर जागचं हलायची गरज नाही. लाँड्रीतल्या बायकांची सॉफ्टबॉलची टीम त्यांनीच उभी केली, त्यांनीच शिकवली, आणि टीममधल्या प्रत्येकीला त्यांनी निदान एकदा तरी रडवलेलं होतं.

आता तीच टीम बुडायला आली होती. कामगार बायकांच्या लीगमध्ये दोन गट. वरचा गट रविवारी सकाळी खेळतो, खालचा बुधवारी दुपारी. आणि बुधवार म्हणजे लाँड्रीत तिन्ही इस्पितळांच्या गाड्या रिकाम्या होण्याचा दिवस. त्या दिवशी सुट्टी मागायची म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरदेवानं ‘जरा बाहेर जाऊन येतो’ म्हणण्यातला प्रकार. खालच्या गटात घसरलो की टीम संपली, इतकं सरळ होतं ते. एकच मॅच उरली होती, तीन आठवड्यांनी, टपालवाल्या बायकांशी. जिंकायचीसुद्धा गरज नव्हती. बरोबरी झाली तरी एक गुण मिळत होता आणि तेवढ्यावर वरच्या गटात राहता येत होतं. फक्त हरायचं नव्हतं.

आणि मागच्या चार मॅच लागोपाठ हरलेल्या!

त्या कशा हरल्या, तेही ऐका. पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, उत्तम. आतल्या चौघी झकास. बॅटिंग बरी. पण बॉल आतल्या फळीतून निसटून गवतावरून सरपटत आउटफिल्डकडे निघाला की काकू आधीच कपाळावर हात मारून घ्यायच्या. सेंटरला उभी असायची लंबू, लेफ्टला चष्मेवाली. दोघी लाँड्रीत दहा-दहा वर्षं काढलेल्या, दणकट, अजिबात भित्र्या नाहीत. पण बॉल समोरून आला की दोघीही एक पाऊल मागे सरायच्या. एकच पाऊल, पण तेवढ्यात घात व्हायचा. पुढे होऊन घेतला तर जो बॉल बोटांखाली मुकाट्यानं आला असता, तो त्या एका पावलाच्या वेळात आणखी एक टप्पा खायचा आणि कधी मनगटावर, कधी नडगीवर, कधी थेट कुंपणाकडे.

“अगं पुढे! पुढे!” रविवारच्या सरावाला काकू बॅटनं बॉल ढकलत ओरडत होत्या. “बॉल काय चावतो का?”

“नाही, काकू.”

“मग मागे का सरतेस? बॉलला वाट मोकळी करून देतेस? या बसा म्हणतेस?”

“मी सरत नाही, काकू,” लंबू कळवळून म्हणाली, “पाय सरतो!”

“पाय कुणाचा आहे?”

लंबू वाकून स्वतःच्या पायाकडे बघायला लागली.

राइटला उभी असायची काकूंची सून. हिची तऱ्हाच वेगळी. लग्न होऊन वर्ष झालेलं, लाँड्रीत लागून आठ महिने. बॉल म्हणून आयुष्यात कधी हातात धरला नव्हता. टीमची नेहमीची राइट फिल्डर बाळंतपणाला गेली आणि नऊ जणींचा आकडा भरेना, तेव्हा काकूंनी घरातच हात घातला. “राइटला फारसं कुणी मारत नाही,” त्या म्हणाल्या होत्या, “तू नुसती उभी राहा.” पण सून कसली नुसती उभी राहतेय! सरपटी बॉल दिसला की अशी सुसाट धावत सुटायची की बॉल राहायचा उजवीकडे आणि ही जायची डावीकडे. एकदा तर बॉल ओलांडून तीन पावलं पुढे गेली आणि मग वळून शोधायला लागली.

“सूनबाई, जपून! आधी गुडघा टेक, मग हात घाल,” काकू म्हणायच्या. आणि मग लंबूला ऐकू जाईल अशा बेतानं पुढचं वाक्य: “चुकते, पण पुढे तरी जाते.” लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं उलटाच कारभार होता.

सोमवारी सकाळी काकू इस्त्री विभागात उभ्या होत्या. मधोमध तिथं मोठं रोलरचं मशीन आहे, एका खोलीएवढं लांब. पुढून दोन बायका ओलसर चादर कड पकडून रोलरखाली सोडतात. मागून ती चादर कडक, कोरडी आणि चटका देणारी होऊन बाहेर येते; मागच्या दोघी ती टोकांना धरून घेतात आणि घडी घालतात. वीस वर्षं काकू हे बघत होत्या. स्वतः त्यांनी बारा वर्षं मागच्या बाजूला काढली होती. रोज बघितलेली गोष्ट माणूस कधी बघतो का?

त्या दिवशी बघितली. चादर बाहेर आली, खालून, सरपटत. मागच्या बाजूला लंबू आणि चष्मेवाली. दोघींनी कड पकडली आणि दोघी एक पाऊल मागे सरल्या. पुढची चादर. पुन्हा एक पाऊल मागे. अर्थातच! मागे सरल्याशिवाय चादर ताणली कशी जाणार, आणि हात भाजायचा कसा वाचणार? एका पाळीत चारशे चादरी. दहा वर्षं! खालून काही सरपटत आलं की मागे सरायचं, हे त्यांच्या पायांत मुरलं होतं.

“सापडलं!” काकू किंचाळल्या.

त्या किंचाळीचा परिणाम असा झाला की कुणीतरी “हात सापडला, हात सापडला!” म्हणून ओरडलं, सुपरवायझर साहेब केबिनमधून धावत आले आणि त्यांनी लाल बटण दाबलं. सगळं मशीन थांबलं. वाफ फुसफुसत राहिली.

“कुणाचा हात?” साहेब पांढरेफटक.

“हात नाही हो, पाय!” काकूंचा चेहरा फुलला होता. “साहेब, पाय सापडला!”

साहेबांनी डोक्याला हात लावला. पण काकू कुठल्या थांबताहेत! त्यांनी एका टॉवेलचा बोळा केला, दोरीनं आवळला आणि जमिनीवरून सरपटत लंबूकडे सोडला. लंबू एक पाऊल मागे. चष्मेवालीकडे सोडला. चष्मेवाली एक पाऊल मागे. मग काकू लगबगीनं मशीनच्या पुढच्या बाजूला गेल्या. तिथं सून होती आणि तिच्याबरोबर टीममध्ये नसलेली एक वयस्क बाई. दोघींकडे बोळा सोडला. दोघी चटकन एक पाऊल पुढे! पुढून चादर सोडताना पुढेच जावं लागतं ना. त्या वयस्क बाईनं तर बोळा उचलून सवयीनं रोलरखाली सोडायलाही हात पुढे केला होता.

“साहेब, मला दोन आठवडे पुढच्या मागे आणि मागच्या पुढे करून द्या,” काकू म्हणाल्या.

“का म्हणून?”

“चादरी त्याच, बायका त्याच. तुमचं काय जातंय?”

साहेबांनी थोडा वेळ तोंड वाकडं केलं. पण बायकांची टीम बंद पडली तर काकू रविवारीसुद्धा लाँड्रीत येऊन आपल्याला शिस्त लावतील, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. अदलाबदल मंजूर झाली. लंबू आणि चष्मेवाली पुढे गेल्या, सून आणि ती वयस्क बाई मागे.

आणि काय सांगू तुम्हाला, चमत्कार! दुसऱ्या रविवारी लंबू बॉलवर अशी तुटून पडली की काकूंच्या हातातली बॅट हातातच राहिली. बॉल टप्पा घ्यायच्या आत ग्लव्ह खाली, पाय पुढे, आणि तशीच वर उठत थ्रो. चष्मेवालीचंही तेच. दहा बॉलांतले नऊ घेतले तिनं, आणि दहावा सुटला तेव्हा ती स्वतःवर इतकी चिडली की काकूंना काही बोलावंच लागलं नाही.

“हेच! हेच ते!” काकू उड्या मारत होत्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी, कुरकुरत्या गुडघ्यानं. “अजून एक! लंबे, हा घे!”

राइटला त्यांनी त्या दिवशी चार-पाचच बॉल ढकलले असतील. सून शांत वाटली. आता सुसाट सुटत नव्हती. काकूंना बरंच वाटलं. पोरीला समज आली, त्या मनाशी म्हणाल्या.

घरी जेवणं झाल्यावर सून भांडी विसळत होती आणि काकू ओट्यापाशी उभ्या राहून ती पुसत होत्या. मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा आणि टीमचा स्कोअर लिहिणारा, टेबलावर वही उघडून पेन्सिलीला टोक करत बसला होता.

“आई, माझं काहीतरी बिघडलंय,” सून म्हणाली.

“पोट?”

“खेळ. बॉल आला की मला आता पुढे जाताच येत नाही.”

“बरंच आहे की! आधी पिसाळल्यासारखी धावायचीस.”

“तसं नाही हो, आई. मी जाते म्हणते आणि जात नाही. तुम्ही एकदा नीट बघता का? दहा बॉल फक्त मला टाकून बघा.”

“टाकू टाकू,” काकू ताट पुसत म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे लंबूचा थ्रो होता. “अगं, तू राइटला. तिकडे मारतंय कोण? उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस.”

सुनेनं पुढचं भांडं नळाखाली धरलं आणि विषय तिथंच मिटला. मुलानं एकदा वर पाहिलं होतं, पण आई आणि बायको यांच्यामध्ये तोंड घालायचं नाही एवढं शहाणपण त्याला वर्षभरात आलं होतं.

मॅचचा दिवस उजाडला. ऊन लख्ख, गवत नुकतंच कापलेलं, टपालवाल्या निळ्या शर्टांत. त्यांच्यातल्या निम्म्या दिवसभर पायी टपाल वाटणाऱ्या. पायांना दमणं माहीत नाही. पहिल्याच इनिंगला त्यांच्या बाईनं सेंटरला कडक सरपटी बॉल मारला आणि पहिल्या बेसला वळसा घालून सवयीनं दुसऱ्याकडे निघाली. आमच्या आउटफिल्डची कीर्ती सगळीकडे पोचलेली होती ना! पण लंबू आली की हो पुढे. आली, वाकली, उचलला, फेकला. टपालवाली दोन बेसांच्या मध्ये उभीच्या उभी आउट.

लाँड्रीच्या बाकावरून जो आरडाओरडा झाला, तो ऐकून शेजारच्या मैदानावरचा खेळ क्षणभर थांबला. काकूंनी आपल्या मुलाच्या पाठीत इतक्या आनंदानं धपाटा घातला की वहीवर पेन्सिलीची लांबच लांब रेघ उमटली. चष्मेवालीनं तिसऱ्या इनिंगमध्ये दोन बॉल असेच घेतले. चौथ्या इनिंगअखेर लाँड्री सहा, टपाल चार. काकूंना हवेत तरंगल्यासारखं वाटत होतं.

पाचव्या इनिंगला बॉल राइटला गेला.

साधा बॉल होता. पहिला आणि दुसरा बेस यांच्यामधून हळूच निसटलेला, गवतावरून रमतगमत चाललेला. टपालवाल्यांच्या दोघी बेसवर होत्या. सून समोर उभी होती. बॉल आला, आणि सून एक पाऊल मागे सरली. तेवढ्यात बॉलनं टप्पा घेतला, तिच्या मनगटावर आपटला आणि कुंपणाकडे गेला. ती धावत जाऊन परत आणेपर्यंत दोन्ही धावा झाल्या. सहा-सहा.

ते पाऊल काकूंनी ओळखलं. ओळखणार नाही तर काय? बारा वर्षं तेच पाऊल त्यांनी स्वतः टाकलं होतं. पुढची बाई उचलून मागे कुणी ठेवली? त्यांनीच. दोन पाय सरळ करताना तिसरा वाकडा केला. आणि पोरीनं ओट्यापाशी तोंड उघडून सांगितलं होतं! दहा बॉल मागितले होते फक्त! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, आणि फुफाटा त्यांनी स्वतःच्या हातांनी पसरला होता.

सहावी इनिंग कशी गेली ते काकूंना कळलं नाही. सातवी शेवटची. लीगचा नियम असा की सात इनिंग झाल्या की खेळ बंद, बरोबरी तर बरोबरी. लाँड्रीच्या तिघी पटापट बाद झाल्या आणि टपालवाल्या शेवटच्या बॅटिंगला आल्या. एक बाद झाली. एकीनं दुसरा बेस गाठला. आणखी एक बाद झाली. दोन बाद, दुसऱ्या बेसवर एक, सहा-सहा. आता ती होमला, म्हणजे बॅटिंगच्या जागी परत पोचून एक जरी धाव झाली तरी सगळं संपलं. बुधवार!

आणि बॅट घेऊन कोण आलं? त्यांची डावखुरी. डावखुरीचा जोराचा फटका जातो कुठं? राइटला.

“टाइम!” काकू ओरडल्या.

कोच पिचरपर्यंत जातो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. काकू पिचरला ओलांडून गेल्या. दुसऱ्या बेसलाही ओलांडून गेल्या. त्या आउटफिल्डपर्यंत धावत निघाल्या आहेत हे कळल्यावर टपालवाल्यांत हसू फुटलं. “काकू, रिक्षा बोलावू का?” कुणीतरी विचारलं. काकूंनी लक्ष दिलं नाही. राइटला पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती.

“काढताय मला, आई?” सुनेचे डोळे भरलेले.

“काढून कुणाला घालू? मलाच?”

“पाय मागे जातो हो. मी त्याला सांगते, तो ऐकत नाही.”

तो पाय कुणी बिघडवला ते काकूंना सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण अंपायर घड्याळाकडे बघत होता. खरं सांगायचं तर अंपायरचं नुसतं निमित्त. आपलं चुकलं असं म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

“ऐक,” त्या म्हणाल्या. “पाय ऐकत नाही ना? मग त्याला उभाच ठेवू नकोस. पिचरचा हात फिरला की तू चालायला लाग. पुढे. बॉल इकडे येवो न येवो, चालायचं. चालणाऱ्या माणसाला मागे सरायचं तर आधी थांबावं लागतं, आणि तेवढा वेळच तुला मिळणार नाही.”

“आणि गुडघा? टेकायचा ना?”

एकोणीस वर्षं काकूंनी या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “गुडघा टेकलास तर बॉल अडेल आणि धाव होईल. धावत जाऊन घे. डाव्या पायाच्या बाहेरून, ग्लव्ह खाली. आणि अशी लांब उभी राहू नकोस, दहा पावलं पुढे ये.”

“डोक्यावरून गेला तर?”

“तर माझ्या नावानं बोंब मार.”

“आणि पायातून सुटला तर?”

“सुटला तर हरू. नुसता अडवलास तरी हरूच. मग निदान पळून तरी हरू!”

सून हसली. ओल्या डोळ्यांनीच, पण हसली. काकू परत धावत निघाल्या. येताना गुडघा इतका बोलत होता की त्याला उत्तर द्यायचीही सोय नव्हती.

पिचरचा हात फिरला. राइटला सून चालायला लागली. पहिला बॉल बाहेर. सून परत जागेवर. पुन्हा हात फिरला, पुन्हा सून चालायला लागली. डावखुरीनं बॅट फिरवली.

खाडकन आवाज झाला आणि बॉल पहिल्या बेसवालीच्या ग्लव्हखालून राइटला सुटला, जमिनीला चिकटून, चांगलाच वेगात. दुसऱ्या बेसवरची टपालवाली आवाजाबरोबर पळत सुटली. तिसरा बेस तिनं न बघता पार केला. “पळ! पळ! पळ!” निळे शर्ट उठून उभे राहिले. डावखुरी मात्र चार पावलं पळाली आणि मान वळवून होमकडे बघत दुडक्या चालीनं निघाली. मॅच जिंकून देणारा फटका तिनंच मारला होता, तो बघायला नको?

आणि सून! सून थांबलीच नाही. चालण्याचं धावणं झालं, धावता धावता ती वाकली, डाव्या पायाच्या बाहेर ग्लव्ह गवताला टेकला आणि बॉल आत गेला. गेला! काकूंना तो आत जाताना दिसला.

“होम!” काकूंनी कंठ फोडला. “होम! होमला फेक!”

“होम! होम!” सगळी लाँड्री ओरडत होती. कॅचर हात पसरून उभी होती. लंबू सेंटरवरून धावत, हातवारे करत, होम होम म्हणत होती.

सुनेनं बॉल पहिल्या बेसकडे फेकला.

“अगं अगं अगं!” काकूंनी दोन्ही हात डोक्याला लावले. तिकडे टपालवालीनं होमवर पाय ठेवला, दोन्ही हात वर केले, आणि निळे शर्ट तिच्यावर तुटून पडले. संपलं. काकूंच्या मुलानं जड हातानं वहीत टपालापुढे सात लिहिलं. काकूंनी डोळे मिटून घेतले. एकोणीस वर्षं! त्या मनात म्हणाल्या, आणि पोरीला मी धड होमही दाखवलं नाही.

“आउट!”

काकूंनी डोळे उघडले. अंपायर होमकडे बघतच नव्हता. तो पहिल्या बेसकडे बोट दाखवत होता. तिथं आमची पहिल्या बेसवाली बेसवर पाय रोवून, बॉल ग्लव्हमध्ये घट्ट धरून उभी होती, आणि डावखुरी अजून बेसपासून तीन पावलं अलीकडे होती, तोंड उघडं टाकून.

“पण धाव झाली की! आधीच झाली!” टपालवाल्यांची कॅप्टन अंपायरकडे धावली.

“बॅट मारणारीच पहिल्या बेसला पोचायच्या आत बाद झाली, आणि तीही तिसरी,” अंपायर शांतपणे म्हणाला. “मग तुमची बाई होमला आधी पोचो, नाहीतर काल पोचलेली असो, ती धाव धरत नाहीत. सहा-सहा. मॅच संपली.”

मग लंबूनं जी आरोळी ठोकली! ग्लव्ह हवेत उडाले, चष्मेवालीचा चष्मा पडला आणि त्यावर कुणाचा तरी पाय पडायच्या आत कॅचरनं तो उचलला, पिचर जमिनीवर लोळायला लागली. मुलगा वहीतलं सात खोडरबरानं इतकं घासत होता की कागद फाटला. राहिली! टीम राहिली! रविवार राहिला!

काकू मात्र पुन्हा मैदानात निघाल्या होत्या, राइटकडे. सून जागच्या जागी उभी होती. आपण काय केलं हे तिला बहुतेक अजून नीट कळलं नव्हतं. बाकीच्याही काकूंच्या मागोमाग धावत आल्या आणि दोघींभोवती घोळका झाला.

“आई, तुम्ही होम होम म्हणत होतात,” सून घाबरून म्हणाली. “मला ऐकू येत होतं सगळं.”

“मग पहिल्याला का फेकलास?”

“होमपर्यंत माझा बॉल पोचतच नाही हो. मध्येच दोन टप्पे खातो. आणि मी इतकी पुढे आले होते की पहिला बेस अगदी समोरच दिसला. ती बाईपण चालतच होती. मला वाटलं, जे जमतंय ते करावं. माझं चुकलं का?”

काकूंनी तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

“तुझं नाही,” त्या म्हणाल्या. “माझं चुकलं.”

मग मागून लंबू म्हणाली, “काय म्हणालात, काकू? आम्हाला ऐकू नाही आलं.”

“माझं चुकलं म्हणाले!” काकू वळून ओरडल्या. टपालवाल्यासुद्धा बघायला लागल्या. “आता होम ओरडले ते चुकलंच. पण त्याच्या आधीपासून चुकतेय मी. तुमचे दोघींचे पाय सुधारायला हिला मी रोलरच्या मागे घातलं. हिचा पाय मी बिघडवला. घरी हिनं मला सांगितलं, आई, दहा बॉल टाकून बघा. मी भांडी पुसत राहिले. आणि मघाशी इथवर धावत येऊनही हे सांगायचं धाडस झालं नाही मला.”

सुनेनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“आता का रडतेस, वेडे?” काकूंचाही आवाज फुटला होता. “जिंकलो ना आपण?”

“जिंकलो नाही, आई,” मागून मुलगा फाटकी वही सावरत म्हणाला, “बरोबरी झाली.”

“तू गप्प बैस,” सासू आणि सून एकदमच म्हणाल्या. मग काकूंनी पहिल्या बेसवालीच्या हातातला बॉल घेतला, सुनेला तिथंच उभी राहा म्हणाल्या आणि होमकडे निघाल्या. दहा बॉल टाकायचे राहिले होते, ते त्यांना आत्ताच टाकायचे होते.